हाताच्या मापाचा दोरा

खडकीपाड्यावर बायडीआजीला हातपंपाला बांधून मारत होते, तेव्हा मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर लोकांनी माझं फार कौतुक केलं. एका पेपरात ‘धाडसी चालक’ असंही छापून आलं. कसला धाडसी! पाचावर धारण बसली होती माझी. माया सिस्टर गाडीतून उतरली नसती, तर वाणगाव येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नसतं.

मी दिपेश. मूळचा दातिवऱ्याचा, मांगेला. बापजाद्यांची होडी, पण होडीत पाय ठेवला की मला उलट्या. गावात अजून चेष्टा करतात की याला समुद्र ताटातच बरा. म्हणून स्टेअरिंग धरलं. आधी बोईसरला कंपन्यांचे कामगार ने-आण केले आणि गेली सात वर्षं वाणगावजवळच्या एका लहानशा मिशन दवाखान्याची बोलेरो चालवतोय. मी ख्रिस्ती नाही. माझी देवी माझ्या घरी, यांचा येशू यांच्या भिंतीवर, आपलं कुणाशी भांडण नाही.

दवाखान्याची नर्स म्हणजे माया सिस्टर. पूर्ण नाव मनमाया तामांग, राहणारी नेपाळची. पंचेचाळिशीची, बुटकी, चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधून चालणारी. तिच्या चर्चने तिला चार वर्षांपूर्वी इथे सेवेला पाठवलं. मराठी बोलायची पण मोडकी, पाण्याला ‘ती’ म्हणायची आणि भाकरीला ‘तो’. पाड्यावरच्या बाया हसायच्या, तीही हसायची.

रोज सकाळी गाडी निघायच्या आधी स्टाफची प्रार्थना व्हायची. सगळे डोळे मिटून उभे. मी आपला उघड्या डोळ्यांनी टायरची हवा बघत असायचो. एकदा लक्षात आलं की सिस्टरचेही डोळे उघडे आहेत. तीही टायरच बघत होती.

मी तोंडाळ माणूस, विचारून मोकळा झालो. म्हटलं, “सिस्टर, तुम्ही तर यांच्यातल्याच ना?”

तिने लगेच सांगितलं नाही. महिन्याभराने, पाड्यावरून परतताना, आपणहून बोलली. नेपाळात चर्च रविवारी नसतं, शनिवारी असतं, कारण तिकडे सुट्टी शनिवारची. २०१५चा मोठा भूकंप झाला तो दिवस शनिवार होता. दुपारी बारा वाजायला आले होते. तिचा नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी चर्चमध्ये गुडघ्यावर बसलेले. छप्पर खाली आलं. ती स्वतः हॉस्पिटलात ड्युटीवर होती, म्हणून वाचली.

“प्रार्थना करत होता, तो मेला,” ती म्हणाली. “मी इंजेक्शन देत होती, मी जिवंत. भाई, मग मी त्याला काय बोलू? त्या दिवसापासून काहीच बोलली नाय. काम करते. काम खरा आहे.”

मी उगाच हॉर्न वाजवला.

आता दोऱ्याची गोष्ट. सगळं त्या दोऱ्यावरूनच झालं.

कुपोषित पोर ओळखायला दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते. हिरवा रंग आला तर ठीक, लाल आला तर पोर धोक्यात. पट्ट्या संपल्या आणि महिनोन्‌महिने नव्या आल्याच नाहीत. खडकीपाड्यावर बायडीआजी होती, सुईण. वारली जमातीची, सत्तरीची, दात तीनच, पण हात असा की आडवं पोरही सरळ यायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सिस्टरने तिला शिकवलं: पोराच्या दंडाला पांढरा दोरा गुंडाळायचा, नेमका मापाला तोडायचा, घराच्या खुणेची गाठ मारायची आणि ठेवून द्यायचा. पुढल्या महिन्यात तोच दोरा परत गुंडाळायचा. अपुरा पडला तर पोर भरतंय. ढिला पडला तर ताबडतोब दवाखान्यात.

नामी युक्ती होती. मी स्वतः वाहवा केली. त्या दोऱ्याने तीन पोरं वेळेत दवाखान्यात आली आणि वाचली. आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही की पाड्यावर पोराच्या अंगाचं माप घेऊन ते घरात दडवून ठेवणं म्हणजे काय समजतात. केस, नखं, पावलाखालची माती आणि अंगाच्या मापाचा दोरा, करणी करायला भुताळीला एवढंच लागतं. आजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्यासारख्या म्हातारीला ते ठाऊक असणारच. तरी तिने सिस्टरला हो म्हटलं, कारण पोरं वाचत होती. सिस्टर परदेशी, तिला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. आमच्या दातिवऱ्यात तरी काय, चार दिवस जाळी रिकामी आली की कुणाची नजर लागली हे शोधतातच. आणि हसू नका. बोईसरच्या फ्लॅटच्या दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी तर मुळीच हसू नये.

वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं होळीला पाड्यावर परतली. त्यांच्यासोबत गोवर आला. आठ दिवसांत दोन पोरं गेली. दुसरा मिथुन, मंगळ्याचा, चार वर्षांचा. या मंगळ्याची बायको गेल्या पावसाळ्यात साप चावून गेलेली. आता मुलगा. उरली दोन वर्षांची सपना. एका माणसाच्या वाट्याला किती यावं! त्याने भगताला विचारलं की माझं घर कोण खातंय. भगताने सुपात तांदूळ मांडले, दाणे बघितले आणि सांगितलं, भुताळी पाड्यातच आहे, म्हातारी आहे, पोरं जन्माला येतात तिथे ती असते. मग काय, नाव घ्यायचंही कारण उरलं नाही. आजीच्या झोपडीत शिरले आणि टोपलीत दोरे सापडले. मंगळ्याच्या घराची खूण तीन गाठी. तीन गाठींचे दोन दोरे निघाले.

सकाळी दहाला स्वातीचा फोन आला. ती पाड्यावरची आशा सेविका, विशीतली. रडत होती. “सिस्टर, आजीला बांधलाय. मारून टाकतील. तुमी या, लवकर या.” पोलिसांना फोन केला तर गाडी बंदोबस्तावर, येतो म्हणाले. सिस्टर बोलेरोत बसलीसुद्धा होती.

वाटेत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. “दोरा माझा आहे. दोरा माझा आहे.”

पाड्यावर पोचलो तर हातपंपाभोवती शंभर-सव्वाशे माणसं. ओळखीची माणसं, मी ज्यांच्या बायकांना कळा सुरू असताना खड्डे चुकवत नेलंय ती. आजीला पंपाच्या दांडीला दोरखंडाने बांधलं होतं. लुगडं फाटलेलं. उजवा हात कोपराखाली नको त्या जागी वाकलेला. तोंडातून रक्त गळून छातीवर आलं होतं. मंगळ्याच्या हातात कुदळीचा दांडा होता. तो मारत होता आणि प्रत्येक फटक्याला विचारत होता, “का खाल्लास? माजा पोर का खाल्लास?” दांडा बरगडीवर बसला की ओला आवाज येत होता. तो आवाज मी आजही जेवताना ऐकतो आणि ताट बाजूला सारतो.

एक दगड बोनेटवर आला. कुणीतरी ओरडलं, “मिशनवाले आले, तेच शिकवतात!” मी रिव्हर्स टाकला आणि सिस्टरने दार उघडलं. गाडी मागे जात असतानाच ती उतरली. पडली, उठली, आणि हात पाठीमागे न बांधता, दोन्ही हात वर करून चालत गेली.

गर्दीने तिला वाट दिली. अजूनही ती सिस्टर होती ना. ती थेट भगतासमोर गेली आणि त्याच्या सुपातले दोरे मुठीत घेतले.

“हा माझा दोरा आहे,” ती ओरडली. “मी शिकवला. आजीने नाय केला. मी सांगितला, मी. मंगळ्या, मला मार.”

दांडा थांबला. वाटलं, समजले. कसलं काय! भगत हळूच म्हणाला, “मंग ही गुरीण हाय. हिनंच शिकवलाय.”

तिला पहिला फटका मागून बसला, डोक्यात. ती गुडघ्यावर आली. मग लाथा. एका बाईने, बाईने हं, जिचं बाळंतपण सिस्टरने केलं होतं तिने, केस धरून तिचं तोंड पंपाच्या कट्ट्यावर आपटलं. ओठ फाटून लोंबायला लागला. मी काचा वर करून आत बसलो होतो. इंजीन चालू, पाय क्लचवर, आणि मी देवीला म्हणत होतो, मला इथून काढ. दुसऱ्या कुणासाठी काही मागायचं मला सुचलंसुद्धा नाही.

मग भगताने हात वर केला. मार थांबला. त्याने आजीची दोरी सोडायला लावली आणि तिला म्हणाला, “बायडे, तू आपली हायेस. बोट दाखव. या बाहेरच्या बाईनं तुला करायला लावला, येवढा बोल. तुला सोडतो.”

बघा, आजीला खोटं बोलायची गरज नव्हती. ते खरंच होतं. सिस्टर स्वतःच ओरडून सांगत होती. एक बोट उचलायचं, बस्स.

आजीला उभं राहता येत नव्हतं. ती पंपाला टेकून बसली, डाव्या हाताने तोंडातलं रक्त पुसलं आणि सिस्टरकडे बघितलं. मग भगताकडे.

“तिला काय ठावं?” ती म्हणाली. “ती पाण्याला बाई बोलतं. दोरा माजा. मीच केलाय. सोडा तिला.”

मंगळ्याने दांडा उचलला. त्या घावानंतर आजी आवाज न करता एका कुशीवर गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात काय झालं मला माहीत नाही. शौर्य म्हणू नका. लाज होती ती, नुसती लाज, तळव्यापासून मस्तकापर्यंत गेलेली. मी हॉर्नवर हात दाबून ठेवला आणि गाडी सरळ गर्दीत घातली. माणसं दोन्ही बाजूंना उडाली. सूप, तांदूळ चाकाखाली गेले. एकाचा पाय चेंगरला, तो आजही लंगडतो. मी उतरलो, स्वाती कुठूनशी धावत आली, आम्ही आजीला उचलून मागच्या सीटवर टाकलं. सिस्टर आपली आपण चढली, स्वाती परत घरांमागे पळाली. मागची काच फुटली तेव्हा आम्ही पाड्याबाहेर होतो.

दोन किलोमीटर गेलो असू. सिस्टरने आजीच्या पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “आत रक्त जातंय. बोईसर. जोरात.” तिच्या फाटक्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. पोट फुगत चाललं होतं. अर्ध्या तासात पोचलो तर ऑपरेशन, नाहीतर आजी वाचणार नाही, असं ती म्हणाली.

आजीने डोळे उघडले. सिस्टरच्या फ्रॉकची बाही ओढली.

“सपना,” ती म्हणाली. “मंगळ्याची सपना. काल बांधला… दोरा ढिला. लय ढिला. अंगावर गोवर हाय. आना तिला.”

सिस्टरचा हात तिच्या पोटावरच होता.

“आना ना ग बाय. पोर जाईल.”

मी आरशातून बघितलं. आणि माझं टाळकं सरकलं. “काय आणा? कुणाची पोर आणा? त्याच माणसाची? आजी, पोट फुटलंय तुझं! वीस मिनिटं जातील. आणि परत गेलो तर तिघांनाही मारतील. मी नाही वळवणार. सिस्टर, मी गाडी वळवणार नाही.”

आणि सिस्टर ओरडायला लागली. माझ्यावर नाही. वर बघून, गाडीच्या टपाकडे, नेपाळीत. शब्द मला कळत नव्हते, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ती सीटवर मुठी आपटत होती. तोंडातलं रक्त उडत होतं. नवऱ्याचं नाव आलं, मुलीचं नाव आलं, बायडीचं आलं. मध्ये मध्ये थांबायची, जणू समोरच्याला उत्तर द्यायला वेळ देतेय, आणि पुन्हा तुटून पडायची. दहा वर्षांचं साचलेलं सगळं त्या बोलेरोत बाहेर आलं. शेवटी ती रडत एकच शब्द म्हणत राहिली, “सक्दिनँ, सक्दिनँ.” तो मला नंतर कळला. मला जमणार नाही, मला जमणार नाही.

मग तिने आजीच्या कपाळावर हात ठेवला.

“भाई,” ती म्हणाली, “वळव.”

मी वळवली. का वळवली ते विचारू नका. तिचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत.

पाड्यात शिरताना दगड आले नाहीत. माणसं पांगली होती. मार ओसरला की माणसाला आपल्याच हातांची भीती वाटते. मंगळ्या त्याच्या झोपडीच्या दारात बसला होता, दांडा शेजारी. सिस्टर उतरली, तेव्हा त्याने तो उचलला. ती चालत त्याच्यापुढे गेली. चेहरा असा झालेला की तिला ओळखणं कठीण.

“सपनाला दे,” ती म्हणाली. “तिला छातीत झालाय. आता नेला तर वाचेल. आजी सांगते.”

“कोन सांगते?”

“आजी. गाडीत आहे. ती सांगते, सपनाला आण.”

मंगळ्या तिच्याकडे बघत राहिला. आतून पोरीचा श्वास ऐकू येत होता, चिरका. दांडा त्याच्या हातून कधी खाली आला, त्यालाही कळलं नसावं. तो आत गेला आणि गोधडीत गुंडाळलेली पोर घेऊन आला. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. सिस्टरने पोर हिसकावूनच घेतली. “बस गाडीत,” ती त्याला म्हणाली. “मला दोन्ही हात हिच्यासाठी पाहिजेत. आजीचा डोका तू धर.”

असा मंगळ्या मागच्या सीटवर बसला आणि त्याने बायडीआजीचं डोकं मांडीवर घेतलं.

ती वाट मला कधी संपलीच नाही असं वाटतं. वाणगावच्या मिरच्यांच्या वाड्या गेल्या, मग बोईसरच्या रस्त्याचे टँकर आणि ट्रक, कंपन्यांच्या धुराचा तो घशात बसणारा वास. सिस्टर पुढच्या सीटवर पोरीला उभं धरून तिच्या पाठीवर थाप देत होती, तोंडाने श्वास देत होती. फाटक्या ओठाने. पोरीच्या गालावर सिस्टरचं रक्त. मागे आजी मधूनमधून कण्हत होती. एकदा तिने डावा हात उचलला, काहीतरी चाचपलं. मंगळ्याचा दंड हाताशी आला. दोन बोटांत धरून पाहिला, तसाच, पोरांचा धरायची तसा.

“तू बी वाळलास रं,” म्हणाली. त्यानंतर बोलली नाही.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. सपनाला आत पळवलं. मी मागचं दार उघडलं तर मंगळ्या हलेना. “उतर,” म्हटलं.

तो हळू आवाजात म्हणाला, “वरडू नको. आजीचा आताच डोला लागलाय.”

मी बघितलं. त्यालाही ठाऊक होतं. पण तो मांडी हलवायला तयार नव्हता. वॉर्डबॉयने आणि मी मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली.

सिस्टरच्या ओठाला नऊ टाके पडले. दुपारी ती कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती, समोर काचेमागे सपना, नाकात नळी. मी चहा आणला. ती पिऊ शकत नव्हती, नुसता कप धरून बसली. मी म्हटलं, “बघितलंत? तुमच्या देवाने तुमचं ऐकलं? वीस मिनिटं वाचली असती तर आजी जगली असती.”

“हो,” ती म्हणाली. “जगली असती, कदाचित. मी त्याच्याकडे आजी मागितली. त्याने नाय दिली. मी फार वाईट बोलली त्याला. अजून पण बोलते.”

“मग?”

“दहा वर्षं मी भांडली नाय, भाई. कोणाशी भांडायचं, तिथे कोणी नाय, असं समजली होती.” टाके ओढले जात होते. “आज गाडीत कोणीतरी होता. मी ओरडत होती, तो ऐकत होता. आणि तोच आजीच्या तोंडून बोलला, सपनाला आण. मला राग येतो त्याचा. पण तो आहे. आज मला माहीत आहे, तो आहे.”

मला तिचा देव कळत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. एवढा फुटलेला चेहरा, आणि त्यात मला प्रथमच तिचं वय दिसलं नाही.

चारच्या सुमारास पोलीस आले. सिस्टरने जबाब दिला, सगळा. दोरा तिचा, हे आधी सांगितलं. मग दांडा कुणाच्या हातात होता, शेवटचा घाव कुणाचा, भगत काय म्हणाला, केस कुणी धरले, एकही नाव गाळलं नाही. मंगळ्या चार हातांवर भिंतीला टेकून ऐकत होता. हवालदार त्याच्याकडे वळला, तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. हात पुढे केले.

बेड्या पडल्या. दोन पावलं गेला आणि काचेपाशी थांबला. आत सपनाची छाती वर-खाली होत होती, आता जरा सावकाश. हवालदाराने ओढलं. तो हलला नाही.

“तिला कोन हाय?” त्याने विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. “आई नाय, भाव नाय. उठल तवा जवळ कोन?”

खरं सांगतो, माझ्या मनात आलं, त्याला सांगावं की जिला तू मारलीस ती असती.

सिस्टर बाकावरून उठली. तिला उठायला वेळ लागला, बरगडीत चीर होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने माझ्या हातात थंड झालेला कप दिला आणि मंगळ्याकडे न बघताच काचेचं दार ढकललं.

“मी आहे,” ती म्हणाली, आणि आत जाऊन सपनाच्या उशाशी बसली.